हिरवा हापसा

पाण्यात आर्सेनिकचं विष निघालं म्हणून सरकारी माणसं मोतालेब मियांच्या अंगणातल्या हापशाला लाल रंग फासून गेली होती; चांगल्या पाण्याच्या हापशांना हिरवा. लेकीला, शेफालीला, बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर मियांनी तोच हापसा पोपटासारखा हिरवागार रंगवला.

"रंग बदलला म्हणून पाणी बदलतं होय?" बायकोने विचारलं.

"तू गुपचूप पाहुण्यांसाठी तांदळाचे गोड पिठे तळ! लाल हापशाच्या घरची पोर कोण करून घेईल?" असं म्हणत त्यांनी त्या पाण्याने काळ्या चामखिळी उठलेले आपले तळवे शालीत दडवले.

मुलाचे वडील आफाज मुन्शी, तेही शाल लपेटूनच बसले होते. म्हणाले, "आमच्याही दारचा हापसा हिरवाच बरं का. पोर सुखात राहील!"

लग्न ठरलं. आता दुआ मागायची, म्हणजे तळवे उघडायलाच हवेत. मियांनी भीतभीत हात पसरले आणि हळूच शेजारी पाहिलं. मुन्शींच्या तळव्यांवरही तश्शाच काळ्या चामखिळी होत्या.

 

'काय खोटारडी असतात एकेक माणसं!' मियां मनात म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, "आमीन."