अवनीचा मोडका कान

अवनीचा उजवा कान पुरीसारखा फुगला, तशी तालमीतली सगळी पोरंपोरी बघायला गोळा झाली. सुजलेला कान त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. कुस्ती सुटली की तालमीतलं यंत्र पैलवानाचंच रक्त काढून, घुसळून त्यातला पिवळा रस दुखऱ्या जागी टोचायचं; भडकलेल्या पेशी निवायच्या आणि सूज धरायच्या आधीच ओसरायची. मोडके कान उरले होते ते फक्त म्हाताऱ्या वस्तादांचे.

"आता तरी टोचून घे गं," तालमीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाहीतर कान कायमचा वाकडा होईल."

"होऊ दे. इतकी वर्षं लढतेय, अंगावर एका कुस्तीची खूण नाही."

"अगं, बाहेरचं औषध आहे का हे? तुझ्याच रक्तातलं आहे."

"मग सूज काय शेजारणीची आहे?"

वस्तादांनी आपला चुरगळलेला कान चोळला. "पोरी, टोचून घेतल्याशिवाय आखाड्यात पाय ठेवायचा नाही, असा नियम आहे."

"आखाड्यात ना?"

अवनी तडक बाहेर अंगणात गेली. कान ठणकत होता. तिनं मूठभर माती अंगाला चोळली आणि शड्डू ठोकला.

"ज्याला कान मोडून घ्यायचाय, त्यानं इकडं यावं!"