उतार

धारूरच्या रामहरीला दवाखान्यात ठेवल्यापासून नर्स रोज सकाळी तपासणीसाठी त्याचं रक्त घ्यायची. आज ती सुई न घेताच आली. "आता तपासणी बंद. डॉक्टरांनी सांगितलंय," एवढंच म्हणाली.

सुभद्राबाईनं नवऱ्याच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवला आणि ऊसतोडीला गेलेल्या लेकीला हरखून फोन लावला. "मनिषा, तुझ्या बापाला लई उतार हाय. तपासण्या बी बंद केल्या. काम टाकून येऊ नको आता, माय."



बाहेर डॉक्टर नर्सला बजावत होते, "आपण चाचणीसाठी देतोय त्या नव्या इंजेक्शननं म्हाताऱ्याची किडनी चाललीय, आणि वाईट रिपोर्ट निघाला की थेट औषध-चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या सुरक्षा समितीला दिसतो. त्याचं रक्त पुन्हा लॅबमध्ये जाता कामा नये."