टकटक की कटकट

“टकटक करतेय की कटकट?” सासऱ्यांनी बॉनेटखालून डोकं बाहेर काढून विचारलं.

सुनेने परत किल्ली फिरवली. गाडीने आवाज केला, पण उठली काही नाही.

“कटकट, बाबा!” ती खिडकीतून ओरडली.

“टकटक?”

“कटकट!”

“तेच विचारतोय ना मी! एक काय ते सांग की!”

झाली का पंचाईत! बस आगारात तीस वर्षं हा माणूस नुसत्या कानाने इंजिनाचं दुखणं ओळखायचा. आता त्याच कानांना दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत होते. आणि दर किल्लीला एकदाच ‘टक’ करून गप्प बसली तर दुखणं वेगळं, ‘कटकटकट’ करत राहिली तर वेगळं. अकरा वाजता भंगारवाला येणार होता. नवऱ्याने परस्पर बोलावलं होतं त्याला. सुनेला लायसन मिळून आज आठवा दिवस. ही गाडी गेली की दुसरी काही दारात येत नाही, आणि लायसन कपाटात पडून राहतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अकराला वीस मिनिटं होती.

ती ताडकन खाली उतरली. सासऱ्यांचा हात तिने असा कधी धरला नव्हता, पण आज धरला, आणि तळव्यावर बोटाने भराभर ठोके दिले.

सासऱ्यांचा चेहरा असा काही खुलला! “कटकट! मग असं बोल ना! दिवे लाव बघू.”

तिने दिवे लावले. लख्ख उजेड पडला.

“बॅटरीत जीव आहे. तारेतून पोचत नाहीये. बंद कर ते दिवे, किल्ली काढ, आणि दहाचा पाना घे.”

पाना कालच आणलेला. दुकानात सुनेचा जीव एकशे आठ हत्यारांच्या लाल पेटीवर जडला होता. “त्यातली शंभर तुला जन्मात लागायची नाहीत,” म्हणून सासऱ्यांनी तिला तिथून ओढलं. घरून खिशात एक बोल्ट घालून नेला होता त्यांनी. दुकानदाराचे सात पाने त्यावर चढवून बघितले. जो जरासुद्धा डुगडुगला नाही, तो घेतला. सोबत एक तारेचा ब्रश. बस्स, एवढीच खरेदी!

“आधी काळी तार. लाल नंतर.”

तारांच्या टोकांवर पांढरं-हिरवं काहीतरी मणभर साचलं होतं. तिने पाना चढवला, जोर लावला, आणि नट सुटला! तिचाच विश्वास बसेना. दोन्ही तारा निघाल्या. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टोकांवर ओतला, तर फसफसून फेस आला. “बाबा, बघा, बघा!” ती नाचायचीच बाकी होती. मग ब्रश घेऊन घास घास घासलं. खालून शिसं चांदीसारखं चमकायला लागलं. पुसून कोरडं केलं.

“आता लाल आधी,” सासरे म्हणाले.

तेवढ्यात नवरा भंगारवाल्याला घेऊन फाटकातून आत आला. “अगं, हात बघ तुझे! बाबा, तुम्हीसुद्धा काय हिच्या नादी लागलात!”

सासऱ्यांना ऐकू आलं नाही. सुनेला आलं, पण तिला वेळ नव्हता. तिने लाल तार आवळली, मग काळी, जाऊन बसली, देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

गाडी खोकली, थरथरली आणि धडधडत सुरू झाली. सुनेने अशी आरोळी ठोकली की भंगारवाला दोन पावलं मागे सरला.

“काका, मग न्यायची का नाही?” त्याने विचारलं.

“बाबा, तो विचारतोय!” नवरा सासऱ्यांच्या कानाशी ओरडला.

सासऱ्यांचं सगळं लक्ष इंजिनाकडे होतं. बॉनेटवर तळवा टेकून, डोळे मिटून ते उभे होते. मग खिडकीशी आले, सुनेचा काळाकुट्ट हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने ठोके दिले. तीन ठोके, मग एक रिकामा. परत तीन, परत एक रिकामा.

“चारातला एक प्लग झोपलाय,” ते म्हणाले. “उद्या प्लगचा पाना आणू. गाडी तू चालव.”