आधीच्या बाईंची खुर्ची

"घरी गेल्यावर गॅस बंद आहे ना, ते एकदा बघा," असं पुन्हा पुन्हा सांगून ती गाडीतून उतरली. नवरा बरं म्हणाला, पण तिला ऑफिसच्या दारात सोडल्याशिवाय काही हलला नाही. नव्या नोकरीवर कुणी असं पोचवायला यावं, याची तिला जरा लाजच वाटे.

पण लाजून चालणार नव्हतं. मधली काही वर्षं आजारपणानं आठवणींसकट गिळून टाकली होती. केस आता कुठे कानापर्यंत आले होते, कपाळावरची खूण रुमालाखाली झाकावी लागे. आपल्याला आता काम कोण देणार, असं वाटत असताना संपादिकाबाईंनी स्वतःहून फोन केला. महिनाभर करून बघा, म्हणाल्या. आज महिना संपत होता आणि ब्राउझरच्या सेटिंगच्या पानाचं भाषांतर अजून अर्धं बाकी होतं. ते झालं नाही तर पुन्हा खिडकीजवळचा पलंग, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आता बरं आहे" असं सांगत बसणं.

काम तसं किचकट. ब्राउझरमधल्या प्रत्येक बटणाचं, प्रत्येक सूचनेचं मराठी करायचं, तेही बटणात मावेल एवढं. नशीब की सगळं पहिल्यापासून करावं लागत नसे. नवं इंग्रजी वाक्य आलं की त्याच्याशी जुळणारं एखादं जुनं वाक्य आणि त्याचं तयार मराठी प्रोग्रॅम खाली आणून ठेवी. पटलं तर घ्यायचं, एखादा शब्द बदलायचा, पुढे जायचं.

ते तयार मराठी आधीच्या बाईंचं होतं. काय लिहायच्या त्या! दुसऱ्या कुणी "संपर्क प्रस्थापित होऊ शकला नाही" असं लिहून हात झटकले असते. त्यांनी लिहिलं होतं, "पान उघडलं नाही. इंटरनेट चालू आहे ना, ते एकदा बघा." वाचून तिला एकटीलाच हसू आलं. त्या बाईंचा तिला फार आधार वाटे. कधीच न भेटलेल्या माणसाबद्दल इतकी माया कशी वाटते, याचं तिचं तिलाच नवल वाटे.

सुरुवातीला एकदा तिनं त्यांच्याबद्दल विचारलं होतं. तेव्हा शेजारच्या टेबलावर ब्राउझरच्या चाचण्या करणाऱ्या मुलीनं चहा पुढे सरकवला आणि विषय बदलला. चहा बिनसाखरेचा होता, तिला लागतो तसाच. तिनं ओळखायचं ते ओळखलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. बसायची खुर्ची मात्र त्यांचीच होती. रोज बसताना ती मनातल्या मनात त्यांना नमस्कार करी.

संध्याकाळी शेवटची सूचना जागेवर बसली. संपादिकाबाईंनी सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून रोज यायचं."

तिला भरून आलं. "यात माझं फार काही नाही," ती म्हणाली. "अर्धी वाक्यं त्यांचीच आहेत. त्यांनी बोट धरून चालवलं म्हणून जमलं. त्या आता नसतील तर निदान त्यांच्या घरच्यांना भेटू द्या. मला आभार मानायचेत."

तिला न्यायला आलेला नवरा दारात उभा होता. संपादिकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं सावकाश मान हलवली.

मग बाईंनी ब्राउझरमधलं "हे ज्यांनी घडवलं" असं पान उघडलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. मराठीच्या गटाचा जुना फोटो होता. एका बाजूला संपादिकाबाई स्वतः, दुसऱ्या बाजूला चाचण्या करणारी मुलगी. मधे याच खुर्चीत बसलेल्या बाईची वेणी लांबसडक होती, कपाळावर खूण नव्हती. पण चेहरा तोच होता, जो ती रोज सकाळी आरशात बघत होती.