लाल कौल

“तिकीट काढून मग विचारतेस होय?” सतीशकुमारांनी मोबाइल लेकीच्या हातात परत दिला. “रद्द कर.”

“विचारत नाही अप्पा. सांगते आहे.”

नंदिता चोवीस वर्षांची, पण घरात असं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. तिचा आवाज कापला नाही, आणि त्याचं तिचं तिलाच बरं वाटलं.

जुनी भित्तिचित्रं जतन करायचं काम ती दोन वर्षं करत होती. देवळांच्या भिंतींवरची काजळी पुसता पुसता तिला लडाखच्या गोंपांचं, त्या डोंगरमाथ्यावरच्या बौद्ध मठांचं वेड लागलं. शेकडो वर्षांपूर्वीचे रंग तिथे अजून भिंतींवर आहेत, आणि आपण ते फोटोतच बघत बसायचं? तिनं यादी केली. थिक्से, आल्ची आणि रिगलुंग नावाचा एक आडबाजूचा छोटा गोंपा. मुक्काम रिगलुंगला.

“पुढल्या महिन्यात, आवणीत, मुलाकडची माणसं यायची आहेत,” अप्पा म्हणाले. “तिकडल्या उन्हानं काळी होऊन येशील. हवा विरळ, श्वास लागेल. एकटी पोरगी, काही झालं तर कोण आहे तेथें तुला?”

नंदितानं आजीकडे पाहिलं. भागीरथी आजी खिडकीशी बसून पूजेची फुलं निवडत होती. तीस वर्षं हिंदी शिकवलेली बाई. तंजावूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी पोरं तिच्या धाकानं हिंदी पास झालेली. आता मात्र तिचं जग एवढंएवढंसं उरलंय, असं नंदिताला वाटे. देवघर, टीव्ही, आणि दर वर्षी आडी महिन्यात, म्हणजे जुलैत, पंधरा दिवस पापनाशमला विशालाक्षी नावाच्या बालमैत्रिणीकडे. तिथे म्हणे रेंज नसे, त्यामुळे फोनही नाही. कावेरीकाठी भटकून आजी उन्हानं रापून यायची, पण खुशीत यायची. यंदा गुडघ्यानं दगा दिला आणि तेवढंही राहिलं. तेव्हापासून स्वारी जरा घुश्शातच होती.

“आज्जी, तू तरी सांग ना.”

“काय सांगू? त्या रिगलुंगास कशास जातेस?” आजीनं मानसुद्धा वर केली नाही. “जायचंच तर थिक्सेस राहा. मोठा मठ, माणसांची येजा असलेला. आडगावच्या मठात काय आहे?”

झालं, नंदिताच्या मनात आलं, हीसुद्धा त्यांच्यातलीच. परवा आपण हिलाच हौसेनं सगळे फोटो दाखवले, आणि ही त्यातच खुसपटं काढतेय. तिला फार एकटं वाटलं.

“कौल लावू,” अप्पा म्हणाले. “देवी सांगेल तसं.”

अप्पा बँकेत मॅनेजर. तिथे पन्नास माणसांना हुकूम सोडत, पण घरातला पेच कधी स्वतःच्या डोक्यानं सोडवत नसत. घर घेताना कौल, गाडी घेताना कौल. केळीच्या पानाच्या दोन सारख्या पुड्या बांधायच्या, एकीत पांढरी तगर, दुसरीत लाल कण्हेर. पांढरं निघालं तर हो, लाल निघालं तर नाही. उचलायला लहान मूल लागतं, पण घरात सगळ्यांत लहान नंदिताच.

आजीनं पुड्या बांधून भवानीपुढे ठेवल्या. नंदितानं डावीकडची उचलली आणि सोपटाच्या दोऱ्याची गाठ सोडली.

लाल.

“बघ,” अप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “आता मी नाही म्हटलं असं नको म्हणूस. देवीच म्हणाली.”

नंदिताला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. तिनं कण्हेरीचं फूल देवीच्या पायाशी नीट ठेवलं आणि वळली.

“देवीला मी काही विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत. मी जाणार.”

“नंदिता!”

“लाल निघालं तरी?” आजीनं विचारलं.

“तरी.”

“तिकडे आजारी पडलीस तर लोक म्हणतील, कौल मोडला म्हणून.”

“म्हणू देत. आजार माझा, मी काढीन. पण इथे बसून उगाच नाही झुरणार.”

आजी तिच्याकडे बघत राहिली. शाळेतल्या पोरांची गाळण उडवणारी ती नजर. नंदितानं डोळे खाली घातले नाहीत.

“सरि, बरं,” आजी शेवटी म्हणाली. “मग कर त्या मठास फोन. आत्ताच्या आत्ता, अप्पासमोर. कोण आहे तेथें, ते त्यास कळू दे.”

“आई, तूसुद्धा?” सतीशकुमार उठून उभे राहिले.

“बस रे. ऐकून तर घे.”

नंदितानं नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका म्हाताऱ्या लामांचा खणखणीत आवाज आला. लहानपणी आजीनं घोटवून घेतलेल्या हिंदीत नंदितानं विचारलं, पाच दिवस एक खोली मिळेल का? हो, मी एकटीच.

“खुशाल या, बेटी,” लामा म्हणाले. “एकट्या बायका येतात आमच्याकडे. काळजी नको. कुठून येणार?”

अप्पा हाताची घडी घालून ऐकत होते. कपाळावरची आठी थोडी सैल झाली होती.

“तमिळनाडूहून. तंजावूर.”

लामा एवढ्या मोठ्यानं हसले की फोन थरथरला.

“तंजावूर! मग आमच्या भागीरथी टीचरना ओळखत असाल! अकरा वर्षं झाली, दर जुलैत पंधरा दिवस इथे राहून आमच्या पोरांना हिंदी शिकवतात. यंदा का नाही आल्या हो त्या?”