गॅलरीतल्या उन्हात

नाशिकच्या थंडीत पिझ्झ्याचं पीठ काही केल्या फुगेना. आज लेकीच्या, मुक्ताच्या, लग्नाची बोलणी होती आणि मुलाला पिझ्झा आवडतो असं कळल्यापासून विद्याधरपंतांनी तो घरीच करायचा हट्ट धरला होता. शेवटी त्यांनी पिठाचा गोळा ओल्या पंच्यात गुंडाळून गॅलरीतल्या उन्हात आरामखुर्चीवर ठेवला, वर गोधडी पांघरली आणि ते आंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघतात तर मुलाचे वडील, भालेराव, तासभर आधीच येऊन त्याच खुर्चीत विराजमान!

"गादी झकास आहे हो तुमची," भालेराव डोळे मिटून म्हणाले. "मऊ, उबदार. आणि गंमत म्हणजे हळूहळू वर येतेय!"

पंतांच्या तोंडचं पाणी पळालं. आता लग्न मोडणार आणि मुक्ता आपल्याशी जन्मभर बोलणार नाही!

"तो... आमचा पिझ्झा आहे," ते कसेबसे पुटपुटले.

भालेराव ताडकन उठले. गोधडी सरकून, पंचा सुटून पीठ त्यांच्या पँटला चिकटलं होतं, त्याची खुर्चीपर्यंत लांबलचक शेपटी झाली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले आणि मग भालेराव पोट धरून हसत सुटले.

"लग्न पक्कं समजा," डोळे पुसत ते म्हणाले. "पण व्याहीबुवा, पिझ्झा तेवढा बाहेरून मागवा!"