आवड: शौर्यराजचे सिनेमे

उजव्या भुवईवर व्रण. तो खरा आहे.

निळा शर्ट. मागच्या वेळी पांढरा होता.

सातव्या सिनेमात तो मरत नाही, त्याचा जुळा भाऊ मरतो.

बर्फी सीपरी बाजारातून.

एकूण सिनेमे अठरा, आपटलेले अकरा. अकरा म्हणायचं नाही.

सिविल लाइंसमधल्या शमिकाच्या घराच्या गच्चीवर दोन खुर्च्या होत्या. एकीवर बसून नचिकेत हे सगळं मनात घोकत होता. खाली दोघांचे आईवडील चहा पीत होते, आणि इंदिराकाकू.

रेल्वे वर्कशॉपात नोकरी करणाऱ्या नचिकेतला सिनेमा मुळीच आवडत नसे. पण काकूंनी टाइप केलेल्या त्याच्या लग्नाच्या बायोडेटात ओळ होती, ‘आवड: शौर्यराजचे सिनेमे’. झाशीतल्या सगळ्या मराठी मुलामुलींचे बायोडेटा खंडेराव गेटच्या काकूच करत, एकाच जुन्या फाइलवर नावं बदलून. नचिकेतचा मित्र सुबोध, त्याच्या बायोडेटात तर बहिणीचं भरतनाट्यम तसंच राहिलं होतं.

नचिकेत ती ओळ खोडायला सांगणार होता. तेवढ्यात शमिकाचा बायोडेटा आला. फोटो आवडला. खाली तीच ओळ होती. म्हणजे ही ओळ तिची, चुकून आपल्यात आली, असं त्याला वाटलं आणि त्याने ती राहू दिली. याआधी दोन मुली बघताना त्याच्या तोंडून ‘हो जी’पलीकडे शब्द फुटला नव्हता. दुसरीने विचारलं होतं, मुलगा मुका आहे का? या वेळी त्याला नकार नको होता.

“तर,” शमिका म्हणाली, “शौर्यराज.”

“हो जी.”

“नाचतो मस्त, नाही?”

“कुठे? तो नुसते हात वर करतो. नाचतात मागचे पन्नास जण.”

निघून गेलं तोंडातून. शमिकाने भुवया चढवल्या. “फॅन आहात ना तुम्ही?”

“एकदम पक्का. म्हणून तर हक्काने बोलतो.”

“मग सांगा, सातव्या सिनेमात तो मेला तेव्हा रडलात?”

“तो मरत नाही. जुळा भाऊ मरतो.”

“त्याला जुळा भाऊ होता?”

नचिकेतने तिच्याकडे वळून पाहिलं. मग नचिकेत हळूच म्हणाला, “तुम्ही बघितलाच नाहीये.”

“अर्धा बघितलाय! बबीनाच्या बसमध्ये, शाळेत शिकवायला जाता-येता. असे तीन बघितले. डोकं उठलं हो! तुमच्या बायोडेटात होतं म्हणून.”

“माझ्या? मी तुमच्यासाठी चार बघितले. दुप्पट वेगाने.”

“दुप्पट वेगाने कसा दिसतो?”

“नाचल्यासारखा वाटतो.”

ती इतक्या जोरात हसली की खाली कपबश्या थांबल्या.

“काकूंची फाइल!” दोघं एकदमच म्हणाले.

मग तो थांबेना. सिनेमा का आवडत नाही, तेही सांगून टाकलं. गाडी सुटते तेव्हा इंजिन डिझेलचं, पोचते तेव्हा विजेचं. “मधे कुठे बदललं, कोणी विचारत नाही! कसम से, माझं पुढे लक्षच लागत नाही.”

“आणि मला व्हिलन आवडतात. हिरो आला की मी चहा करायला उठते.”

“मग चालेल. मी गाडी आली की उठेन.”

“अर्धा अर्धा बघू,” शमिका म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून लाजली.

तासाभराने दोघं खाली उतरले. शमिकाने आईच्या कानाशी जाऊन एकच शब्द सांगितला. आईने बर्फीचा डबा उघडला.

“काकू,” नचिकेत म्हणाला, “तुमची फाइल परत चुकली. माझ्यात पण शौर्यराज, यांच्यात पण शौर्यराज.”

“अगंबाई!” इंदिराकाकूंनी जीभ चावली. “डोळे गेले रे माझे आता. सोडायला हवं हे काम.”

“काही सोडू नका,” शमिका म्हणाली.

त्या वर्षी इंदिराकाकूंनी एकोणीस बायोडेटा टाइप केले होते. शौर्यराजची ओळ त्यांतल्या फक्त दोनांत होती.